खुर्चीतून स्ट्राइक दिसत नाही

ज्यांची मुलं यंदा पहिल्यांदा लिटल लीगमध्ये उतरणार आहेत, त्या अमेरिकेतल्या मराठी आईबापांनो, ग्लोव्ह कुठला घ्यायचा ते दुकानदार सांगेल. अंपायरबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. न्यू जर्सीत एप्रिलच्या गारठ्यात, घडीच्या खुर्चीत कुडकुडत मिळवलेलं ज्ञान आहे.

माझा नवरा शिवाजी पार्कच्या क्रिकेटवर वाढलेला. शंकेचा फायदा बॅट्समनला, हे त्याच्या रक्तातच. मुलगा बॅटिंगला उभा. बॉल गुडघ्यापाशी आला, पठ्ठ्याने सोडून दिला, अंपायर गरजला, ‘स्ट्राइक!’ नवरा उठून ओरडला, ‘अहो, बाहेर होता तो!’ आधी मराठीत, मग समजायला हवं म्हणून इंग्रजीत. पुढच्याही बॉलला तेच. शेवटी अंपायरने मास्क वर केला, कोचला बोलावलं आणि खेळ थांबवला. उरलेला सामना नवऱ्याने पार्किंगमध्ये गाडीच्या काचेतून पाहिला. परत येताना मुलगा टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या सीटवर गप्प.

तर आधी हे समजून घ्या. होम प्लेट 17 इंच रुंद असते आणि बॉल तिच्या कडेवरून नुसता चाटून गेला तरी स्ट्राइकला चालतो. उंचीची हद्द लिटल लीगमध्ये काखेपासून गुडघ्याच्या वरच्या टोकापर्यंत. म्हणजे बुटक्या मुलाची हद्द लहान, उंचाची मोठी. निर्णय होतो तो बॉल प्लेटवरून जाताना. पुढे कॅचरने तो मातीत पकडला की कानाशी, याला किंमत नाही. आपण मात्र नेमका कॅचरचा ग्लोव्ह बघून बोंब मारतो. त्यात आपली खुर्ची असते फर्स्ट बेसच्या अंगाला. तिथून बॉल वर की खाली एवढं थोडंफार कळतं. प्लेटच्या आत की बाहेर, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. एकदा कॅचरच्या मागच्या जाळीआड उभं राहून एखादी इनिंग बघाच. निम्म्या तक्रारी तिथेच गळतात.

फर्स्ट बेसची गंमत तर आणखी निराळी. तिथला अंपायर डोळे बेसवर ठेवतो, रनरचा पाय कधी पडतो ते बघायला. आणि बॉल ग्लोव्हमध्ये बसल्याचा ‘फट्’ आवाज कानांनी टिपतो. आधी पाय की आधी फट्, यावर निकाल. आता विचार करा, नेमक्या त्याच क्षणी पन्नास पालक बेंबीच्या देठापासून किंचाळत असतात. चुकलाच तर कुणामुळे चुकला?

नियमही वाचून घ्या. ‘हात बॅटचाच भाग असतो’ असं शेजारच्या खुर्चीतले काका फार ठासून सांगतील. नसतो. स्विंग करताना बॉल हातावर आदळला तर ती स्ट्राइक, फाऊल नव्हे.

अंपायर चुकतात का? चुकतात की! 2 जून 2010 रोजी डेट्रॉइटमध्ये पिचर आर्मांडो गॅलारागाने ओळीने 26 जणांना बाद केलं होतं. सत्ताविसावा स्पष्ट आऊट असताना फर्स्ट बेसवरच्या जिम जॉइसने त्याला सेफ ठरवलं आणि परफेक्ट गेम, म्हणजे एकालाही बेसवर पोहोचू न देता जिंकलेला सामना, हातचा गेला. गॅलारागा नुसता हसला. रीप्ले बघून जॉइसने चूक कबूल केली, माफी मागितली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी त्याच्या हातात द्यायला गॅलारागाच गेला, तेव्हा जॉइसचे डोळे भरून आले. हे मेजर लीगमध्ये, पगारी अंपायरच्या बाबतीत. आपल्या मुलांच्या सामन्याला उभा असतो तो कुणाचा तरी बाबा, नाहीतर मिशी न फुटलेला हायस्कूलचा पोरगा. त्याच्यावर खेकसताना आपलं वय आठवावं.

ज्यांच्याने गप्प बसवतच नाही, त्यांनी आउटफिल्डच्या कुंपणापाशी खुर्ची टाकावी. तिथून प्लेट दिसते, पण तोंड टाकण्याइतकी नाही. नाहीतर सरळ अंपायर व्हावं. लीगला माणसं नेहमीच कमी पडतात. नवऱ्याने नाव दिलंय. हल्ली त्याला गुजरातीत ऐकून घ्यावं लागतं.

आणि हो, उन्हात उभ्या अंपायरला पाण्याची थंडगार बाटली जरूर द्या, पण सामना संपल्यावर. आधी दिलीत, तर समोरच्या टीमच्या आया बघत असतात.