लिंक गोळा करणाऱ्या स्क्रिप्टपासून सुरू होणारी वाट

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावात पालक 'पोराला कॉम्प्युटरला घालायचंय' असं म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर एक तर एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असतं, नाहीतर थेट पुण्यातली कंपनी. मधला रस्ता कुणी दाखवत नाही. मग घरात तेच प्रश्न फिरत राहतात: फी भरायची तर कुठे, मुलीला हे झेपेल का, आणि झेपलं तरी त्यावर पोट भरेल का? या लेखासाठी मी त्या मधल्या रस्त्यावरचं एकच छोटं काम निवडलं आहे. वेबपेजवरच्या सगळ्या लिंक आणि त्या लिंकवर लिहिलेला मजकूर स्क्रिप्ट लिहून गोळा करणं, हे ते काम. पदव्यांच्या नावांची यादी वाचण्यापेक्षा असं एक काम करून पाहिलं, तर मुलांची आवड आणि चिकाटी लवकर कळते, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण आपल्या रोजच्या जगण्यातलं घेऊ. राज्य शासनाचे जीआर संकेतस्थळावर सतत चढत असतात. शिष्यवृत्ती, पीक नुकसानीचं अनुदान, भरती, पाणीपुरवठा, सगळं तिथे येतं. विभागाचं नाव, शीर्षक, तारीख, संकेतांक आणि पीडीएफची लिंक अशी ती यादी असते. आता समजा, वर्षभरात शीर्षकात 'हिंगोली' असलेले सगळे जीआर एखाद्या शेतकरी गटाला हवे आहेत. माणूस बसला तर दोन दिवस पानं चाळेल आणि तरी दोन-चार सुटतील. नीट लिहिलेली स्क्रिप्ट तीच यादी थोड्या वेळात काढते, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा चालवली की फक्त नवे जीआर वेगळे करून देते.

हे घडतं कसं? वेबपेज एचटीएमएलमध्ये लिहिलेलं असतं. त्यात प्रत्येक लिंकसाठी 'ए' नावाचा टॅग असतो. टॅगमध्ये 'एचरेफ' या शब्दापुढे पत्ता असतो, आणि टॅग उघडतो तिथपासून बंद होतो तिथपर्यंतचा मजकूर आपल्याला पडद्यावर दिसतो. स्क्रिप्ट पेज मागवते, त्यातले सगळे 'ए' टॅग शोधते, प्रत्येकातून पत्ता आणि मजकूर उचलते आणि दोन रकान्यांच्या फाइलमध्ये लिहून ठेवते. पायथन भाषेत पेज मागवण्यासाठी 'रिक्वेस्ट्स' आणि टॅग शोधण्यासाठी 'ब्युटिफुल सूप' ही लायब्ररी वापरतात. दोन्ही फुकट आहेत. पहिली स्क्रिप्ट दहा-बारा ओळींत होते.

लिंकवरच्या मजकुराला इतकं महत्त्व का? १९९८ साली स्टॅनफर्डमधल्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी गूगलची रचना मांडणारा निबंध लिहिला, त्यात हाच मुद्दा होता. एखादं पान कशाबद्दल आहे हे त्या पानापेक्षा त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या लिंकचे शब्द पुष्कळदा अधिक अचूक सांगतात, असं त्यांनी म्हटलं आणि शोधयंत्रात तो मजकूर वापरला. म्हणजे बारावीचं पोर जे पहिल्या सुट्टीत शिकतं, त्याच पायावर जगातली एक मोठी कंपनी उभी राहिली.

दहा ओळी लिहिणं सोपं आहे. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं, आणि मुलं कंटाळतात तीही इथेच. काही लिंकमध्ये पूर्ण पत्ता नसतो, फक्त शेवटचा तुकडा असतो. तो मूळ पत्त्याला जोडून घ्यावा लागतो. एकच लिंक पानावर चार ठिकाणी असते. कित्येक सरकारी पानांवर लिंकचा मजकूर नुसता 'येथे क्लिक करा' असतो. मग खरं शीर्षक शेजारच्या रकान्यातून आणावं लागतं. काही साइटवर 'पुढील पान' ही साधी लिंकच नसते, बटण दाबल्यावर पानाचा मजकूर जावास्क्रिप्ट भरते. अशा वेळी स्क्रिप्टला रिकामं पान मिळतं आणि सेलेनियम किंवा प्लेराइटसारखं साधन लागतं.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक अडचण सोसावी लागते. फाइल युटीएफ-८ मध्ये जपली तरी सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसू शकतो. जुन्या पीडीएफ युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण मजकूर उचलला की हाती निरर्थक रोमन अक्षरं येतात. हे सोडवणारी माणसं हवी आहेत, आणि ती मराठी वाचता येणारीच असावी लागतात. शिरड शहापूरच्या मुलाला इथे तोटा नाही, उलट फायदा आहे.

याचा पुरावा पुण्यात आहे. तिथल्या 'एल-थ्री-क्यूब' या गटाने २०२२ साली 'महाकॉर्पस' हा मराठी मजकुराचा संग्रह जाहीर केला. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून अशाच पद्धतीने उचललेली २ कोटी ४८ लाख वाक्यं त्यात नव्याने घातली गेली. त्या आधारावर 'महाबर्ट' हे मराठी समजणारं भाषा-मॉडेल तयार झालं आणि ते सर्वांना खुलं केलं. या गटाच्या अनेक कामांत पुण्याच्या पीआयसीटी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. पदवीच्या वर्गात बसलेल्या मुलांनी आपल्या भाषेसाठी हे केलं, याचा मला फार आनंद वाटतो.

पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: हे हॅकिंग तर नव्हे ना? सर्वांसाठी उघड असलेलं पान वाचणं म्हणजे हॅकिंग नव्हे, पण मर्यादा आहेत आणि त्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात. साइटच्या मुळाशी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची फाइल असते. स्क्रिप्टने कुठे जावं आणि कुठे जाऊ नये, ते तिथे लिहिलेलं असतं. १९९४ पासून ही प्रथा चालू आहे. साइटच्या वापराच्या अटी वाचाव्यात. दोन पानं मागवताना मध्ये काही सेकंद थांबावं, नाहीतर छोट्या सर्व्हरवर ताण येतो. पासवर्डच्या आतल्या गोष्टींना हात लावायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणक यंत्रणेतून डेटा काढून घेतला, तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. लोकांचे फोन नंबर, पत्ते गोळा करण्याचं काम कुणी पैसे देऊन सांगितलं तरी नाकारावं; २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यासाठीच आहे.

आता पोटाचा प्रश्न. फक्त लिंक काढता येतात म्हणून कुणी नोकरी देत नाही. आज अशी स्क्रिप्ट चॅटजीपीटीसुद्धा लिहून देतो. पण यादीत ४०० जीआर हवे होते आणि ३६० च का आले, हे शोधणारा माणूस लागतो. डेटा अॅनालिस्ट, डेटा इंजिनिअर, सॉफ्टवेअर टेस्टिंग, संकेतस्थळ शोधात वर आणण्याचं काम (एसइओ), वृत्तसंस्थांचे डेटा विभाग, संशोधन संस्था, या सगळ्या ठिकाणी माहिती गोळा करून स्वच्छ करणं हे रोजचं काम आहे. त्यासाठी पायथनच्या पुढे एसक्यूएल, एक्सेल, थोडी संख्याशास्त्राची समज आणि कामापुरतं इंग्रजी वाचन लागतं.

शिकायचं कुठे? क्लासला ५० हजार रुपये मोजण्याआधी थांबा. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर बरेच पाठ मराठीतून आहेत. 'स्वयम'वर एनपीटीईएलचे पायथनचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. पायथन लिहिण्याचं 'गूगल कोलॅब' हे साधन ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे जुना लॅपटॉप पुरतो. मोबाइलवरही सुरुवात होते, पण खरं सांगायचं तर त्यावर टाइप करून मुलं थकतात.

दहावीनंतर जाणाऱ्यांना आयटीआयचा एक वर्षाचा 'कोपा' ट्रेड किंवा तंत्रनिकेतनचा संगणक पदविका अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर सीईटीतून अभियांत्रिकी, बीसीए, किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून बीएस्सी. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम जेईईशिवाय, स्वतःच्या पात्रता प्रक्रियेतून प्रवेश देतो. बारावी कोणत्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांना फीत मोठी सवलत मिळते. मुलीला लांब पाठवायची भीती असणाऱ्या पालकांनी याकडे नक्की पाहावं. अभ्यास मात्र अवघड आहे, हेही मनात धरून.

एक धोक्याची सूचना. 'घरबसल्या डेटाचं काम, आधी नोंदणी फी भरा' असा मेसेज आला तर तो फसवणुकीचा समजा. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

पायथनची ही वाट विज्ञानाकडेही जाते. आपल्या औंढा तालुक्यातच दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथे नोकरी मिळेल असं आश्वासन मी कुणालाही देणार नाही. पण अमेरिकेतल्या लायगोचा डेटा आजही सर्वांना खुला आहे, तो पायथननेच वाचतात, आणि भौतिकशास्त्राची आवड असलेल्या मुलाने बीएस्सीला असतानाच तो उघडून पाहावा.

सुरुवातीला मात्र घराजवळचं काम घ्या. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोली आणि वसमत या दोन बाजारांतले हळदीचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर येतात. वापराच्या अटी आधी वाचून, विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत दोन्ही बाजारांच्या नोंदी एका फाइलमध्ये आणा, रोज हळूच एकदा, आणि दर रविवारी त्या घरच्यांना दाखवा. पालकांनो, मुलाकडे ती फाइल मागा, आणि त्यातल्या दहा ओळी बाजारातल्या पावतीशी ताडून पाहा. महिनाभर त्याने हे चिकाटीने केलं, तर पुढच्या अभ्यासक्रमाची फी बिनधास्त भरा. आठवड्यात सोडून दिलं, तर रागावू नका. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी त्याच्याशी बसून दुसऱ्या शाखेचं बोला.