पोवळ्याच्या खडकावर फुटणारी लाट

भुसावळच्या मुलांपुढें समुद्राच्या लाटेचा धडा मांडावयाचा म्हणजे प्रथमदर्शनीं जरा विचित्रच वाटेल. मुंबईचा किनारा आपल्यापासून आगगाडीनें सुमारें साडेचारशें किलोमीटर दूर. आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाण्याचा मोठा विस्तार पाहिला असेल तो तापीचाच, आणि तोहि श्रावणांत. तथापि लाट म्हणजे काय हें समजून घेण्यास भुसावळसारखें दुसरें सोईचें ठिकाण नाहीं, असें आम्हांस वाटतें. ज्या लाटेविषयीं येथें लिहावयाचें आहे ती उष्ण कटिबंधांतील दूरच्या बेटांपाशीं, पोवळ्यांच्या खडकावर फुटते, आणि एका लांबट फळीवर उभीं राहून माणसें तिच्यावर स्वार होतात. या खेळास सर्फिंग म्हणतात. टोकियोच्या ज्या ऑलिंपिक सामन्यांस २०२० चें नांव होतें, पण जे २०२१ सालीं भरले, त्यांत या खेळास प्रथमच स्थान मिळालें.

आतां आपल्या स्टेशनच्या यार्डाकडे चला. मालगाडीचे डबे जोडतांना सर्वांनीं पाहिलें आहे. एका टोंकाला इंजिनाचा धक्का बसला कीं खडखड असा आवाज एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत धांवत जातो व पार शेवटच्या डब्यापर्यंत पोंचतो. धक्का गाडीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत गेला. प्रत्येक डबा मात्र वीतभरच हालला. समुद्राची लाट ही अशीच आहे. ती पाणी वाहून नेत नाहीं, धक्का वाहून नेते. भर समुद्रांत तरंगणारा नारळ, लाट खालून जात असतां, वर चढतो, थोडा पुढें सरतो, खालीं येतो, मागें सरतो, आणि जवळजवळ पूर्वीच्याच जागीं राहतो. ज्वारीच्या शेतावर वारा सुटला म्हणजे कणसांच्या लाटा बांधापर्यंत धांवत जातात, पण एकहि ताट आपली जागा सोडीत नाहीं.

समुद्राला हा धक्का देतो कोण? वारा. हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत, चाळीस ते पन्नास अक्षांशांच्या दरम्यान, जमिनीचा अडथळा फारसा नसल्यामुळें वादळी वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे सारखे धांवत असतात. जुन्या दर्यावर्दी लोकांनीं त्या पट्ट्यास ‘गर्जणारे चाळीस’ असें नांव दिलें होतें. तेथें उठलेल्या लाटा वादळाला मागें टाकून निघतात आणि विषुववृत्त ओलांडून आपल्या बाजूस येतात. खोल पाण्यांतील लाटेचा एक नियम ध्यानांत ठेवावा. एका शिखरामागून दुसरें शिखर येण्यास जितके सेकंद लागतात, त्या संख्येस १.५६ नें गुणिलें म्हणजे लाटेचा दर सेकंदाचा वेग मीटरांत मिळतो. पंधरा सेकंदांची लाट घेतली तर हा वेग ताशीं सुमारें ८४ किलोमीटर होतो. परंतु यांत एक गंमत आहे. लाटांचा जो तांडा निघतो तो याच्या निम्म्याच वेगानें, म्हणजे ताशीं ४२ किलोमीटरांनीं, पुढें सरकतो. कारण तांड्यांतली सर्वांत पुढची लाट विरत जाते व मागें नवी उठत राहते. दक्षिणेच्या वादळापासून अंदमानपर्यंतचें अंतर ६५०० किलोमीटर धरलें, तर तांड्यास वाटेंत साडेसहा दिवसांच्या आसपास लागतात. रविवारीं पहांटें उठलेल्या वादळाचा धक्का शनिवारीं सायंकाळीं बेटास लागतो, आणि तोंपर्यंत मूळचें वादळ बहुधा शमूनहि गेलेलें असतें.

खोल पाण्यांत अशी लाट डोळ्यांस फारशी दिसतहि नाहीं. तिची लांबी साडेतीनशें मीटर आणि उंची दोन मीटर असली, तर नावेंतल्या माणसाला आपण सावकाश वर-खालीं होत आहों एवढाच भास होतो. मात्र तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत, म्हणजे पावणेदोनशें मीटरपर्यंत, पाण्यांत हालचाल असते. तळ त्याहून उथळ झाला कीं लाटेस तो लागूं लागतो. तिचा वेग मंदावतो, मागच्या लाटा जवळ येतात, लांबी घटते आणि उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली म्हणजे माथा पायथ्याच्या पुढें झुकतो व कोसळतो. याचेंच नांव लाट फुटणें.

हा नियम आपल्याच समुद्रास लावून पाहूं. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर, भर समुद्रांत, पोवळ्यांचें एक बुडालेलें पठार आहे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यु १७२९) यांच्या नांवावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. उष्ण कटिबंध आहे, पोवळीं आहेत, दूरपणा तर विचारूंच नका. मग तेथें लाटेवर स्वार व्हावयास कोणी जात कां नाहीं? कारण त्या पठाराचा माथा पाण्याखालीं सुमारें वीस मीटर आहे. सव्वापटीच्या हिशेबानें तेथें फुटण्यास लाट सोळा मीटर उंच हवी. आणि ऐन पावसाळ्यांतहि अरबी समुद्रांत पांचसहा मीटरांची लाट मोठी समजली जाते. म्हणून लाटा त्या पठारावर मंदावतात, थोड्या वांकतात, आणि न फुटतां पुढें निघून जातात.

मालवणास नेमकें याच्या उलट आहे. १६६४ ते १६६७ या काळांत शिवाजी महाराजांनीं बांधविलेल्या सिंधुदुर्गाभोंवतीं पाण्यांत दडलेले पुष्कळ खडक आहेत. परक्या जहाजास ते दिसत नाहींत. तेथल्या नावाड्यास मात्र फेंसाच्या रेघेवरून ते कळतात. लाट फुटते तेथें तळ वर आलेला आहे, ती न फुटतां जाते तेथून होडीस वाट आहे. सर्फिंग करणारा मनुष्य नव्या बेटावर गेला म्हणजे पहिला तासभर किनाऱ्यावर उभा राहून हेंच वाचीत असतो. पाण्यावर पाहून पाण्याखालचें वाचणें ही त्याची पहिली विद्या. फळीवर तोल सांभाळणें ही दुसरी.

वाळूच्या किनाऱ्यावरील लाटेंत आणि खडकावरील लाटेंत फरक तो काय, असें कोणी विचारील. वाळूचा उतार मंद असतो, त्यामुळें लाटेची शक्ति सावकाश खर्च होते व माथा फेंसाळत घरंगळतो. शिवाय वाळू दर पावसाळ्यांत जागा बदलते. पोवळ्याचा खडक खोल पाण्यांतून भिंतीसारखा वर येतो. लाटेचा पायथा एकदम अडतो, माथा पुढें फेंकला जातो, आणि दोहोंच्या मध्यें पाण्याचा पोकळ बोगदा तयार होतो. कसाऱ्याच्या घांटांतील बोगदे आपण मुंबईस जातांना पाहतों. हा बोगदा मात्र स्वतःच धांवत असतो, आणि त्यांत शिरून दुसऱ्या तोंडानें सुखरूप बाहेर पडणें ही या खेळांतली परमावधि समजतात.

परंतु लाट एका टोंकापासून दुसऱ्या टोंकाकडे क्रमानें उलगडत फुटावयास खडक कोठेंतरी संपला पाहिजे, त्यास खिंड पाहिजे. ही खिंड बहुधा ओढ्याच्या किंवा नदीच्या मुखासमोर आढळते. पोवळें हा अत्यंत सूक्ष्म आवडीनिवडीचा प्राणी आहे. त्यास खारें, उबदार व निर्मळ पाणी लागतें. गोडें पाणी व गाळ त्यास सोसत नाहीं. आपली तापी श्रावणांत जो गढूळ लोंढा सुरतेपलीकडे समुद्रांत नेऊन ओतते, त्यांत पोवळ्याचा खडक वाढणें शक्यच नाहीं. प्रशांत महासागरांतील ताहिती बेटावर तेआहुपो येथें हाच प्रकार लहान प्रमाणावर घडला आहे. डोंगरावरून येणाऱ्या गोड्या पाण्यानें खडकांत वाट राखली, आणि त्या वाटेच्या कडेस जगांतील अत्यंत भयंकर लाटांपैकीं एक फुटते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांतील सर्फिंगचे सामने पॅरिसपासून पंधरा हजारांहून अधिक किलोमीटर दूर येथेंच झाले. पंचांसाठीं खडकावर नवा मनोरा उभारण्याचें ठरलें, तेव्हां गांवकऱ्यांनीं विरोध केला. डिसेंबर २०२३ मध्यें त्या कामाच्या तराफ्यानें पोवळीं मोडलीं आणि विरोध अधिकच पेटला. शेवटीं मनोरा लहान करून बांधला. गांवकऱ्यांची बाजू आम्हांस पटते: खडक मोडला तर मासळी जाते, आणि ज्या लाटेसाठीं मनोरा, ती लाटहि बदलते.

हा खेळ मूळचा याच महासागरांतल्या लोकांचा. हवाई बेटांत राजे व रयत, स्त्रिया व पुरुष सर्वच तो खेळत. १८२० सालीं तेथें अमेरिकन मिशनरी उतरले. ज्या बोर्डानें त्यांस पाठविलें, त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस आले होते. म्हणून हा विषय आम्हांस थोडा घरचा आहे. अंगावर अपुरें वस्त्र आणि खेळावर पैजा, यांमुळें मिशनऱ्यांस हा खेळ आवडत नसे, आणि त्या नापसंतीचा परिणाम झाला हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. परंतु खेळ ओसरला याचें सर्वांत मोठें कारण खेळणारेच उरले नाहींत हें होय. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या देवी, गोंवर इत्यादि रोगांनीं बेटें ओस पाडलीं. १८९० च्या खानेसुमारींत मूळचे रहिवासी सुमारें ४० हजारच भरले. पुढें त्याच बेटावरच्या ड्यूक कहानामोकू यानें १९१२ सालीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकांत शंभर मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें, आणि जेथें जेथें तो पोहावयास गेला तेथें तेथें फळीहि नेली.

आपल्या देशांत अशी लाट पाहावयाची तर अंदमानास जावें लागतें. मराठी वाचकांस हें नांव परकें नाहीं. १९११ ते १९२१ या काळांत विनायक दामोदर सावरकर तेथील सेल्युलर जेलमध्यें होते, आणि त्यांच्या ‘माझी जन्मठेप’ या पुस्तकानें काळें पाणी घरोघरीं माहीत झालें. त्या तुरुंगाचें शहर पोर्ट ब्लेअर. २०२४ सालीं त्याचें नांव श्री विजयपुरम् झालें. तेथून दक्षिणेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर लिटल अंदमान हें बेट आहे. हट बे हें त्याचें बंदर. या बेटाचा कुमारी पॉइंट लाटेवर स्वार होणाऱ्यांत प्रसिद्ध आहे.

अशा जागीं पडण्याचा अर्थ काय होतो तेंहि सांगितलें पाहिजे. लाट फुटते तेथें खडकावर पाणी कधीं कमरेइतकें, कधीं त्याहूनहि कमी असतें. म्हणून पडणाऱ्यानें सूर मारावयाचा नसतो. अंग पसरून, डोकें हातांनीं झांकून पडावयाचें असतें. पोवळ्यानें कातडी सोलली तर त्याचे बारीक कण जखमेंत राहतात, आणि दमट हवेंत ती दिवसेंदिवस चिघळते. खाडीच्या बाजूस खाऱ्या पाण्यांतल्या मगरी आहेत. मोठ्या रुग्णालयासाठीं समुद्र ओलांडावा लागतो. याशिवाय एक न दिसणारा धोका आहे. लाट फुटल्यावर तिचा नियम बदलतो. मग ती धक्का नव्हे, पाणीच पुढें फेंकते, आणि खडकावर चढलेलें तें पाणी खिंडीवाटे समुद्रांत परत धांवतें. तो ओघ म्हणजे एक नदीच. जाणता मनुष्य त्याच ओघाबरोबर फुकटांत बाहेर जातो. अजाण त्याच्याशीं झुंजून दमतो व बुडतो. तापीच्या पुरांत उड्या टाकणाऱ्या मुलांनीं व त्यांच्या पालकांनीं हा भेद नीट पाहावा. समुद्रांतली न फुटलेली लाट नारळाला जागच्या जागीं ठेवून जाते. पूर त्याला घेऊन जातो, आणि जो नारळ नेतो तो पोहणाराहि नेतो.

२६ डिसेंबर २००४ रोजीं लिटल अंदमानवर त्सुनामी आली. हट बेचें अतोनात नुकसान झालें. या बेटावर ओंगे नांवाची आदिवासी जमात आहे; तिची संख्या शंभराच्या आसपास. पाणी अचानक मागें हटलेलें पाहून ते लोक उंच जागेकडे गेले आणि वांचले. त्याच भूकंपानें अंदमानच्या उत्तर भागांतील कांहीं किनारे मीटरभर वर उचलले गेले, आणि उघडीं पडलेलीं पोवळीं उन्हांत मरून पांढरीं झालीं. पुढें मार्च २००५ च्या दुसऱ्या भूकंपानें इंडोनेशियांतील नियास बेटाचा खडक उचलला, तेव्हां तेथील लागुंद्री उपसागरांतली प्रसिद्ध लाट पूर्वीपेक्षां अधिक पोकळ फुटूं लागली. वारा तोच, समुद्र तोच. तळ हालला, एवढ्यानेंच लाट निराळी झाली.

तळ खालींहि जाऊं शकतो, आणि याची भीति आज अधिक आहे. समुद्राचें पाणी फार तापलें म्हणजे पोवळें आपल्या अंगांतील सूक्ष्म शेवाळ टाकून देतें व पांढरें पडतें. ताप टिकला तर मरतें. अंदमानांत २०१० सालीं असें मोठ्या प्रमाणावर झालें. मेलेला खडक झिजतो, खडबडीतपणा जातो, वरचें पाणी खोल होतें. निरनिराळ्या देशांतील मोजमापें एकत्र करून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, पोवळ्याचे खडक लाटेची सरासरी ९७ टक्के शक्ति किनाऱ्याबाहेरच जिरवितात असें दाखविलें आहे. खडक खचला तर ती शक्ति जाणार कोठें, हें कोणत्याहि बेटावरच्या कोळ्यास सांगावें लागत नाहीं.

गणिताच्या वर्गासाठीं एक उदाहरण देतों. वर दिलेल्या नियमानें अठरा सेकंदांच्या लाटेचा वेग काढा, त्याचा निम्मा घ्या, आणि त्याच वादळापासून ६५०० किलोमीटरांस किती तास लागतात तें पाहा. उत्तर सुमारें १२९ तास येईल. पंधरा सेकंदांच्या तांड्यास १५४ लागले होते. म्हणजे एकाच वादळांतून एकाच वेळीं निघाल्या तरी लांब लाटा एक दिवसाहूनहि अधिक आधीं पोंचतात. म्हणून हट बेच्या किनाऱ्यावर घड्याळ हातांत घेऊन बसलेला मनुष्य शिखरें मोजीत असतो. समुद्र दिसावयास शांत. पण दोन शिखरांमधील अंतर अठरा सेकंदांवर गेलें कीं तो फळी उचलीत नाहीं, ती घांसून-पुसून तयार ठेवतो.