द्रवरूप नत्रवायूचें भांडें व गाईचें रेतन

शेतीस दुधाच्या जोडधंद्याचा आधार किती मोठा आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. शिनोली, घोडेगांव व घोड नदीच्या खोऱ्यांतील इतर गांवीं गाय माजावर आली म्हणजे रेतन करणारा कार्यकर्ता दुचाकीस एक ॲल्युमिनियमचें भांडें बांधून दारीं येतो. त्या भांड्याकडे मालकाचें सहसा लक्ष जात नाहीं. परंतु गाय गाभण राहणें पुष्कळ अंशीं त्यावरच अवलंबून असतें. म्हणून त्याची माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

भांड्याचें मूळ.— सन १८९२ मध्यें लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञानें असें पहिलें भांडें कांचेचें तयार केलें. अतिशय थंड असे द्रवरूप वायु प्रयोगासाठीं टिकवून ठेवणें हा त्याचा हेतु होता. पुढें १९०४ सालीं जर्मनींत याच तत्त्वावरील बाटली थर्मास या नांवानें बाजारांत आली. चहाचा थर्मास व प्रयोगशाळेंतील ड्यूअरचें भांडें हीं सख्खीं भावंडें होत.

रचना.— उष्णता तीन मार्गांनीं जाते. पळीचें टोंक चुलींत असलें तर दांडा तापतो, हा पहिला. तापलेली हवा वर चढून उष्णता नेते, हा दुसरा. शेकोटीसमोर बसलें असतां अंगास धग लागते, हा तिसरा. या भांड्यास एकांत एक अशा दोन भिंती असून मधली हवा पंपानें काढून घेतात व नळीचें तोंड वितळवून बंद करतात. पोकळींत हवाच नसल्यामुळें पहिले दोन मार्ग खुंटतात. भिंतींच्या पोकळीकडील अंगास चांदीचा मुलामा असतो, तो धग परत फिरवितो. दोन्ही भिंती फक्त अरुंद गळ्यापाशीं जोडलेल्या असतात.

कांच मात्र नाजूक. ती फुटल्यास बाहेरची हवा जोरानें आंत घुसून तुकडे उडतात. म्हणून प्रयोगशाळेंत तिला धातूचें वेष्टण घालतात. खेड्यांतील रस्त्यांवर कांच टिकणार नाहीं, म्हणून रेतनाचें भांडें ॲल्युमिनियमचें करतात, तत्त्व तेंच.

उपयोग.— द्रवरूप नत्रवायूची थंडी शून्याखालीं १९६ अंश असते. ग्लिसरीन घातल्यास गोठविलेलें रेत जिवंत राहतें, असा शोध इंग्लंडांत १९४९ सालीं लागला. आपल्या पुणें जिल्ह्यांत मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं उरुळीकांचन येथें स्थापिलेल्या बाएफ संस्थेनें संकरित गाईंचें व गोठविलेल्या रेताचें कार्य खेडोपाडीं नेलें, हें सर्वश्रुत आहे.

दक्षता.— भांडें कितीही उत्तम असलें तरी नत्रवायु थोडाथोडा उडून जातोच. तो संपला कीं रेत मरतें. आणि कांडीकडे नुसतें पाहून तें मेलें कीं जिवंत, हें कळत नाहीं. म्हणून पुढील गोष्टी ध्यानीं ठेवाव्या:

१. पातळी काठीनें नियमानें मोजावी. भांड्यास बाहेरून दंव धरूं लागल्यास पोकळींत हवा शिरली असें समजावें.

२. झाकण हवाबंद करूं नये. एका लिटरापासून सुमारें ७०० लिटर वायु होतो. तो कोंडल्यास भांडें फुटेल. बंद खोलींत तो सांचल्यास माणूस गुदमरतो.

३. कांडी शोधतांना ती गळ्याच्या वर उचलून धरूं नये. बाहेर काढलेली कांडी ३७ अंश उष्णतेच्या पाण्यांत सुमारें अर्धा मिनिट धरून लगेच वापरावी. एकदां वितळलेली पुन्हां भांड्यांत टाकूं नये.

मालकाचें कर्तव्य.— सकाळीं माज दिसल्यास सायंकाळीं व सायंकाळीं दिसल्यास दुसरे दिवशीं सकाळीं रेतन करवावें. गाय उलटली तर पुढचा माज सुमारें २१ दिवसांनीं येतो. तितके दिवस चारा व पेंड यांचा खर्च अंगावर पडतो व भाकड काळ लांबतो. महसुली दप्तरांत जशी प्रत्येक नोंद तारखेनिशीं असते, तशी रेतनाची तारीख, कांडीवरील वळूचा क्रमांक व भांड्यांतील पातळी यांची वही ठेवावी. एकाच भांड्यांतील कांड्यांनीं अनेक गाई लागोपाठ उलटल्या, असें वहींत दिसलें, तर दोष गाईचा मानून ती बाजारांत विकण्यापूर्वीं भांड्याची तपासणी करवावी. हातची चांगली गाय विनाकारण गमावणें यासारखें दुसरें नुकसान नाहीं.