मातीची परीक्षा : गावच्या मातीतून बांधकामाचे साहित्य

ग्रामीण भागात घर बांधावयाचे म्हटले की प्रथम विचार येतो तो विटा, सिमेंट आणि लोखंड यांच्या दरांचा. परंतु ज्या जमिनीवर घर उभे राहावयाचे, तेथीलच माती नीट पारखून घेतली, तिच्यात थोडे सिमेंट किंवा चुना मिसळला आणि ती हातयंत्राच्या साच्यात दाबली, तर भिंतीच्या विटा गावातच तयार होऊ शकतात. त्या भट्टीत भाजाव्या लागत नसल्याने जळण वाचते आणि वाहतुकीचा खर्चही कमी होतो. मात्र हे साहित्य प्रयोगाने सिद्ध करून घ्यावे लागते. त्याचा आनंद जसा या प्रयोगात आहे, तशीच त्याची सुरक्षितताही प्रयोगातच आहे.

दाबविटेची वाटचाल

१९५६ साली कोलंबियातील बोगोटा येथील गृहनिर्माण केंद्रात राऊल रामिरेझ या अभियंत्याने माती दाबण्याचे एक साधे हातयंत्र तयार केले. ‘सिन्वा-राम’ या नावाने ते अनेक देशांत पोहोचले. आपल्या देशात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हा विभाग सुरू झाला. तेथील शास्त्रज्ञांनी भारतीय मातींचा अभ्यास करून यंत्र आणि मिश्रण या दोहोंत सुधारणा केल्या.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात हजारो माणसे घरांखाली गाडली गेली. त्यानंतर ‘मातीचे घर नको’ ही भावना बळावली, आणि ती स्वाभाविकच होती. परंतु घात केवळ मातीने केला नव्हता. ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, त्यांचे दोन थर एकमेकांत गुंतविणाऱ्या जोडदगडांचा अभाव आणि माळवदावरील मातीचा प्रचंड भार ही खरी कारणे होती. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. पारखलेली माती आणि न पारखलेली माती यांत मोठे अंतर असते. तसेच वीट कितीही चांगली असली, तरी दारे-खिडक्यांच्या माथ्यावर सलग काँक्रीटची पट्टी आणि हलके छप्पर यांवाचून घर सुरक्षित होत नाही.

तीन सोप्या चाचण्या

माती वरच्या थरातील घेऊ नये. त्या थरात मुळे व कुजलेला पाला असतो, आणि ती माती शेतालाच हवी. खालची माती काढून, चाळून पुढील चाचण्या कराव्यात.

१. बरणीची चाचणी : काचेच्या सरळ बरणीत एक तृतीयांश माती घालून वर पाणी भरावे, चिमूटभर मीठ टाकून जोराने हलवावे आणि बरणी स्थिर ठेवावी. वाळू लगेच तळाशी बसते, त्यावर गाळमाती आणि सर्वांत शेवटी चिकणमाती बसते. दुसऱ्या दिवशी पट्टीने थर मोजावेत. सुमारे दोन तृतीयांश वाळू आणि १० ते १५ टक्के चिकणमाती असलेली माती सिमेंटच्या विटेस उत्तम होय.

२. आकुंचनाची चाचणी : ६० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद व खोल अशा लाकडी पेटीस आतून तेल लावून ओलसर माती दाबून भरावी. आठवडाभर सावलीत वाळल्यावर मातीचा पट्टा एका टोकास सरकवून पडलेली फट मोजावी. फट दीड सेंटिमीटरपर्यंत असल्यास १८ घमेली मातीस १ घमेले सिमेंट पुरते; तीनपर्यंत असल्यास १६ घमेल्यांस, साडेचारपर्यंत १४ घमेल्यांस आणि सहापर्यंत १२ घमेल्यांस एक, असे प्रमाण धरावे. काळी माती फार आकसते व ओली झाली की फुगते. तिच्यात वाळू मिसळावी लागते, किंवा सिमेंटऐवजी चुना वापरून पाहावा लागतो.

३. गोळ्याची चाचणी : तयार मिश्रणाचा मुठीएवढा गोळा छातीच्या उंचीवरून कठीण जमिनीवर सोडावा. त्याचे चार-पाच तुकडे झाले तर पाणी योग्य, भुगा झाला तर कमी आणि तो नुसताच चपटा झाला तर अधिक समजावे.

विटेची कसोटी

सिमेंट मिसळल्यावर मिश्रण तासाभरात वापरावे. विटा सावलीत रचून ओल्या पोत्यांनी झाकाव्यात आणि दोन ते तीन आठवडे त्यांवर पाणी शिंपडावे. चुन्याच्या विटांस याहून अधिक काळ द्यावा. पूर्ण वाळल्यावर एक वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवावी व पुन्हा वजन करावे. कोरडी वीट ८ किलोग्रॅम असेल, तर तिने १.२ किलोग्रॅमहून, म्हणजे १५ टक्क्यांहून, अधिक पाणी शोषू नये. शेजारच्या पाण्यात सिमेंट न घातलेली वीटही ठेवावी. ती पाहता पाहता विरघळते आणि पहिली मात्र कडा न मोडता बाहेर येते. आपल्या हातची वीट पाण्यास पुरून उरलेली पाहण्याचे समाधान बाजारातून आणलेल्या विटेत मिळत नाही.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

या चाचण्यांस लागणारी बरणी, पेटी, पट्टी आणि तराजू बहुतेक शाळांत सहज मिळू शकतात. गावाच्या चार दिशांची माती विद्यार्थ्यांनी तपासून नोंदवहीत उतरविली, तर विज्ञानाचा उत्तम पाठ होईल आणि पंचायतीसही उपयुक्त माहिती मिळेल. प्रत्येक विटेवर तारीख व मिश्रणाचे प्रमाण कोरावे. फसलेल्या विटेची नोंदही तितक्याच काळजीने ठेवावी, कारण पुढचे प्रमाण तीच सांगते. उत्तम ठरलेल्या काही विटा तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात पाठवून त्यांची भारवहनक्षमता तपासून घ्यावी. मग प्रथम एखादी कुंपणभिंत बांधून ती एक पावसाळा पाहावी आणि त्यानंतरच अभियंत्याच्या सल्ल्याने खोली बांधावयास घ्यावी.

घाईने बांधलेल्या दहा घरांपेक्षा पावसाळा काढलेली एक भिंत गावकऱ्यांना अधिक विश्वास देईल.