हरवलेला संगणक-परवाना व त्याची पुनःस्थापना

उद्देश : शाळेतील संगणकावरील आज्ञावलीचा परवाना नाहीसा झाल्यास तो रीतसर परत कसा मिळवावा, आणि गावातील इतर ग्राहकांस या कामी कसे साह्य करावे, हे शिक्षकांस समजावे.

१. परवाना म्हणजे काय?

शाळा सोडल्याचा दाखला हरवला म्हणून विद्यार्थ्याचे शिक्षण नाहीसे होत नाही. पालक अर्ज करतो, मुख्याध्यापक जनरल रजिस्टर उघडतात, नोंद पडताळतात आणि दुय्यम प्रत देतात. नोंद सापडली नाही, तर कितीही कळवळा आला तरी दाखला देता येत नाही. आज्ञावलीच्या परवान्याचे स्वरूप असेच आहे. दुकानातून आणलेली तबकडी म्हणजे परवाना नव्हे. संगणकात भरलेली आज्ञावली म्हणजेही परवाना नव्हे. परवाना म्हणजे ती वापरण्याचा हक्क, आणि तो हक्क कोठे तरी नोंदलेला असतो. तो परत मिळविणे म्हणजे ती नोंद शोधणे होय.

विंडोजची नोंद कोठे शोधावी, हे यंत्राच्या वयावरून ठरते. विंडोज ७ व त्यापूर्वीच्या तयार संगणकांच्या पेटीवर पंचवीस अक्षरांची ‘प्रॉडक्ट की’, म्हणजे परवान्याची किल्ली, छापलेली चिठ्ठी चिकटविलेली असे. २०१२ साली विंडोज ८ आले. तेव्हापासून विंडोज भरून विकलेल्या संगणकांत ही किल्ली बहुधा मदरबोर्डवरच साठविलेली असते. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून यंत्राची ओळख कंपनीकडे नोंदवून ‘डिजिटल परवाना’ मिळू लागला. २०१६ पासून तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडण्याची सोय झाली.

२. परवाना का बिघडतो?

केवळ हार्ड डिस्क बदलल्याने असा परवाना सहसा जात नाही. नेहमी आढळणारी कारणे तीन आहेत. पहिले, दुरुस्ती करणारा संगणक ‘फॉरमॅट’ करताना मूळची ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्ती काढून ‘प्रो’ आवृत्ती भरतो. मग हक्क एका आवृत्तीचा व आज्ञावली दुसरी, असे होते. दुसरे, मदरबोर्ड बदलला की यंत्राची ओळखच बदलते. तिसरे कारण क्षुल्लक, पण फसविणारे आहे. मदरबोर्डवरील बटणाएवढी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि दिनांक चुकीचा असल्याने इंटरनेटवरून पडताळणी होत नाही.

३. साह्य करण्याची रीत

प्रथम घाबरलेल्या माणसास धीर द्यावा. परवान्याची सूचना दिसू लागली म्हणून निकालपत्रके नष्ट होत नाहीत. विंडोज १० व ११ परवान्यावाचूनही चालू राहतात. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना दिसते व सजावटीच्या काही सोयी बंद होतात. ऑफिसमधील कागद वाचता व छापता येतात, मात्र त्यांत बदल करता येत नाही. महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन मगच पुढील क्रमाने जावे.

(अ) दिनांक व वेळ दुरुस्त करावी. घड्याळ पुन्हा मागे गेल्यास बॅटरी बदलावी.
(आ) विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’ व विंडोज १० मध्ये ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ या भागात ‘अ‍ॅक्टिव्हेशन’चे पान असते. तेथील आवृत्तीचे नाव बिलाशी ताडून पाहावे.
(इ) आवृत्ती भिन्न असल्यास मूळ आवृत्ती पुन्हा भरावी. इंटरनेट जोडले की मदरबोर्डवरील किल्ली आपोआप वाचली जाते.
(ई) मदरबोर्ड बदलला असल्यास त्याच पानावरील ‘ट्रबलशूट’ची मदत घ्यावी, त्यासाठी खाते पूर्वीच जोडलेले असावे लागते. यंत्राबरोबर आलेला परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो, म्हणून हमीच्या मुदतीत उत्पादकाकडेच जावे. स्वतंत्र विकत घेतलेला परवाना मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता येतो.
(उ) ऑफिससाठी, ते ज्या खात्यावर नोंदले गेले ते खाते शोधावे. पुष्कळदा हे खाते बदलून गेलेल्या शिक्षकाच्या नावाचे निघते.

४. आडवाट टाळावी

अशा वेळी ‘क्रॅक’ भरून देणारा कोणी तरी भेटतोच. दाखला हरवला म्हणून शिक्का खोटा बनविण्यासारखेच हे आहे. असे साधन चालविताना विषाणूरोधक आज्ञावली बंद करण्यास सांगतात. म्हणजे चोराला आत घेण्यासाठी राखणदारालाच बाहेर काढणे होय. कॉपीराइट अधिनियम, १९५७ यात १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६३-बी प्रमाणे, बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद व ५०,००० ते २,००,००० रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय शिक्षा सौम्य करू शकते. पण वर्गातील मुले गुरुजींचे पाहूनच शिकतात, ही गोष्ट त्याहून मोठी आहे. हक्काची कोणतीच नोंद न सापडल्यास उबुंटू व लिब्रेऑफिस या विनामूल्य आज्ञावली उघड माथ्याने वापराव्यात.

५. नोंद हाच खरा उपाय

जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, संगणकाच्या नोंदीसमोर आवृत्तीचे नाव, बिलाचा क्रमांक व खात्याचा ईमेल पत्ता लिहावा. पेटीवरील चिठ्ठीची शाई पुसण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढून ठेवावे. खाते शाळेच्या नावाने असावे. त्याचा पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा आणि चार्ज देताना हे पाकीट यादीत घालून सोपवावे.

केंद्रातील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील प्रत्येक संगणकाचा परवाना कोठे नोंदलेला आहे?
२. ऑफिसचे खाते कोणाच्या नावाने आहे? ती व्यक्ती आज शाळेत आहे काय?
३. एखाद्या पालकाने ‘फॉरमॅट’ केलेला संगणक आणल्यास त्यास पहिले तीन प्रश्न कोणते विचाराल?