एक सूर, एक ताल : वसंत देसाई आणि समूहगान

शाळेतील प्रार्थना हे संगीत आहे, असे आपणांपैकी फार थोड्यांना वाटले असेल. हजेरीपूर्वी उरकावयाचा तो एक विधी, एवढीच आपली समजूत. पाचवीत असताना मला समूहगीताच्या चमूत घेतले होते. पण माझा सूर लागेना. तेव्हा बाईंनी प्रेमाने सांगितले, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे : समूहगान निवडक गळ्यांचे की सर्वांचे? या प्रश्नाचे उत्तर संगीतकार वसंत देसाई यांच्या कार्यात सापडते.

देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळजवळील सोनवडे या गावी झाला. भजन आणि दशावतार यांचा हा मुलूख. पुढे ते कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे पडेल ते काम करीत, लहानसहान भूमिका करीत आणि गात ते संगीत शिकले. व्ही. शांताराम यांनी परळला राजकमल कलामंदिर उभारल्यावर 'शकुंतला' (१९४३) पासून त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. 'अमर भूपाळी' (१९५१), 'श्यामची आई' (१९५३), 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) ही नावे सर्वपरिचित आहेत. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बलक्ष्मी यांनी गायिलेल्या 'मैत्रीं भजत' या संस्कृत रचनेची चालही त्यांचीच. १९७१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परंतु या लेखापुरते महत्त्वाचे त्यांचे कार्य निराळे आहे. 'एक सूर, एक ताल' या उपक्रमाद्वारे त्यांनी शालेय मुलांना हजारोंच्या संख्येने एकत्र गावयास शिकविले. मुंबईत व्हिक्टर परांज्योती यांनी पाश्चात्त्य पद्धतीचे गायकवृंद घडविले. १९६७ नंतर ती धुरा कूमी वाडिया यांनी वाहिली. त्या पद्धतीत निरनिराळे आवाज निरनिराळे स्वर गातात आणि त्यासाठी दीर्घ तालीम लागते. देसाई यांच्यापुढे मात्र कधी पेटीसमोर न बसलेली मुले होती. म्हणून सर्वांनी एकच स्वर गावयाचा.

हे वाटते तितके सोपे नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शंभर मीटर लांबीच्या मैदानात पुढच्या रांगेचा सूर शेवटच्या रांगेला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचतो. कानावर विसंबून गाणारी मुले मागे पडणारच. म्हणून ताल कानाने नव्हे, डोळ्यांनी घ्यावा लागतो. संचालकाचा हात हाच तेथे तबला होतो.

आणि चालही तशीच हवी. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आणि 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटांतील त्यांच्या प्रार्थना म्हणून पाहाव्यात. ओळी आटोपशीर, श्वास घ्यावयास ठिकठिकाणी जागा, लय संथ. तानांचा सोस नाही, म्हणून साध्या गळ्यालाही त्या पेलतात. त्यांची मुळे रागदारीत आहेत, पण शास्त्राचे ओझे गाणाऱ्याला जाणवत नाही. पहिली प्रार्थना पडद्यावर कैद्यांच्या जीवनाशी निगडित आहे, दुसरी शाळेतील मुलींच्या तोंडी; दोन्हीकडे गाणारा सामान्य माणूसच आहे. चित्रपट मागे पडले, तरी या प्रार्थना शाळाशाळांतून गायिल्या जात राहिल्या. सर्वांत कच्च्या गळ्याचा विचार करून बांधलेली चालच टिकते, असा याचा अर्थ आहे.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात देसाई यांचा अंत झाला.

आपल्या महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतही निवड होते, आणि ती व्हावीच. स्पर्धेला उत्तम गळेच पाठवावेत. परंतु निदान एक गीत असे असावे, की ज्यासाठी कोणाचीही चाचणी घेतली जाणार नाही. प्राध्यापक, शिपाई, ग्रंथालयातील मंडळी आणि बेसूर म्हणून मागे बसलेले आम्ही, सर्वांनी उभे राहून ते गावे. तेवढ्या वेळापुरते कोणी कोणाला 'नुसते ओठ हलव' म्हणू नये.