फायली होत्या, अक्षरं नव्हती

गणपती विसर्जनानंतरचा आठवडा, दिवाळी अंकाची पानं अर्धीअधिक लावून झालेली, आणि आमच्या मुलुंडच्या दुकानातल्या पीसीची हार्ड डिस्क बसली. डीटीपीवाल्यांसाठी याहून वाईट मुहूर्त नाही. हार्डवेअरवाला मुलगा आला, डिस्कची खडखड ऐकली आणि म्हणाला, “ताई, डेटाचा बॅकअप आहे ना? मग कसलं टेन्शन! नवी डिस्क लावतो, विंडोज टाकून देतो.”

डेटा होता. अंकाच्या फायली रोज संध्याकाळी एक्सटर्नल डिस्कवर जायच्या. नव्या विंडोजवर पहिली फाइल उघडली, तर संपादकीयाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉण्टांमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरात भाडेकरू म्हणून राहतात. फॉण्ट गेला की मूळ मालक खिडकीत येऊन उभे राहतात. फॉण्टसाठी सॉफ्टवेअर हवं. त्याची सीडी सापडली, पण पीसीचा सीडी ड्राइव्ह केव्हाच बंद पडलेला. दुसरा शेजाऱ्याकडून मागून आणला. मग डोंगलचा ड्रायव्हर, मग बोटांना सवय असलेला कीबोर्ड लेआउट, मग प्रिंटरची सेटिंग्ज. अंक वेळेत गेला, पण पानं लावायच्या रात्री हे सगळं परत बसवण्यात गेल्या.

‘विंडोज काय, कधीही टाकता येते’ हे वाक्य तेव्हापासून मला पटत नाही. विंडोज टाकता येते हो. तिच्यावर वर्षानुवर्षं बसवलेली घडी टाकता येत नाही. डीटीपीवाल्याचे फॉण्ट, अकाउंटंटचं टॅली आणि डिजिटल सहीचा टोकन, सोसायटीच्या ऑफिसातला एकाच जुन्या ड्रायव्हरवर चालणारा प्रिंटर, या सगळ्याची मांडणी सी ड्राइव्हच्या पोटात असते.

पुष्कळ जण सी ड्राइव्ह सिलेक्ट करून एक्सटर्नलवर पेस्ट करतात. त्याचा उपयोग नाही. विंडोज चालू असताना रजिस्ट्रीच्या फायली तिने स्वतःच धरून ठेवलेल्या असतात, त्या कॉपी होत नाहीत. शिवाय मशिन चालू होतं ते एकट्या सी ड्राइव्हवर नव्हे. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा: सीच्या आजूबाजूला नाव-अक्षर नसलेली छोटी पार्टिशन दिसतील. त्यातलं ईएफआयचं जेमतेम शंभर-दोनशे एमबीचं असतं, पण ते नसेल तर विंडोज उठतच नाही. म्हणून हवी ती सिस्टिम इमेज, म्हणजे ही सगळी पार्टिशन जशीच्या तशी.

विंडोज १० आणि ११ मध्ये त्याची सोय आहे, पण कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर, विंडोज ७’ अशा जुनाट नावाखाली लपलेली. तिथे डावीकडे ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ सालीच या सोयीवर नवं काम थांबवल्याचं जाहीर केलं. ती अजून चालते, पण किती वर्षं राहील यावर मी विसंबत नाही. त्याऐवजी वापरता येणारं, तैवानमध्ये तयार झालेलं क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि भरवशाचं आहे, फक्त त्याचा काळा-निळा पडदा बघून घाबरायचं नाही आणि कुठली डिस्क ‘कुठून’ आणि कुठली ‘कुठे’ हे दोनदा वाचायचं. तिथे उलटं झालं की रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाते.

एक्सटर्नल डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. विंडोजची सोय तिच्यावरच इमेज ठेवते. केबल निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावा. शंभर जीबीला जुन्या पोर्टवर सुमारे तास लागतो, निळ्यावर बहुधा वीसेक मिनिटं. तयार झालेल्या ‘विंडोजइमेजबॅकअप’ फोल्डरचं नाव बदलू नका, तो दुसऱ्या फोल्डरात सरकवू नका. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी तसं केलं, तर परत टाकताना विंडोजला तो सापडत नाही.

आता महत्त्वाचं. इमेज घेतली म्हणजे काम झालं असं धरून चालणारे मला अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत भेटले आहेत. ती परत टाकून बघितलेला क्वचितच. ओळखीच्या एका अकाउंटंटकडे ५०० जीबीच्या डिस्कची इमेज होती, त्यातले जेमतेम ९० जीबी वापरलेले. डिस्क गेल्यावर त्यांनी वेगासाठी २५६ जीबीची एसएसडी घेतली आणि इमेज बसेना. ९० जीबी २५६ मध्ये का मावत नाहीत, असं ते मला विचारत होते. विंडोजची सोय वापरलेली जागा बघत नाही, मूळ डिस्कचा आकार बघते; नवी डिस्क तेवढी किंवा मोठीच लागते. दुसरी अडचण रिकव्हरी पेनड्राइव्हची, म्हणजे इमेज परत टाकताना मशिन ज्यावरून उठतं त्याची. तो आधीच करून ठेवायचा, १६ जीबीचा किंवा मोठा, आणि मूळ विंडोज यूईएफआयवर (बूट करायच्या नव्या पद्धतीवर) असेल तर पेनड्राइव्हही बूट मेनूतून यूईएफआयनेच उठवायचा. नाहीतर इमेज समोर असून मशिन ती नाकारतं.

चाचणी करताना चालू डिस्क काढून बाजूला ठेवा, दुसरी लावा आणि तिच्यावर इमेज टाका. इमेजची डिस्क सोडून बाकीच्या डिस्कच्या केबलही सोडवा, कारण रिस्टोअर समोरची डिस्क पुसूनच काम सुरू करतं.

काम झालं की एक्सटर्नलची केबल काढायचीच; जोडलेली डिस्क व्हायरसलाही सापडते. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा खाडीपलीकडे न्हावाशेवाच्या जेएनपीटीमधलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कंपनीच्या जगभरच्या जाळ्याचा हिशोब ठेवणारे सर्व्हर एकमेकांना जोडलेले होते, म्हणून एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण तिथे वीज गेल्याने तो जाळ्यातून बाहेर पडला होता. (वीज गेल्याचा फायदा झालेली ही एकच कंपनी मला माहीत आहे.)

इमेजची दुसरी प्रत दुकानात ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, कुलाब्याला मात्र ७३. कुर्ला-कलिन्याच्या तळमजल्यावर ज्यांचा पीसी आणि बॅकअप एकाच कपाटात होता, त्यांचं दोन्ही एकदमच पाण्यात जाणार. माझी एक डिस्क बोरिवलीला बहिणीकडे असते. अशा डिस्कची काळजी मात्र घ्या: मशिनवर डिस्कला कुलूप लावणारा बिटलॉकर असला, तरी विंडोजने घेतलेली इमेज कुलूपबंद नसते. बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली वहीत लिहा, त्याच मशिनवरच्या फाइलमध्ये नको.

इमेज रोज घ्यायची गरज नाही. नवं सॉफ्टवेअर नीट बसलं की घ्या, आणि विंडोज ११ वर जायच्या आधी तर नक्की. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ११ वर जायची घाई बऱ्याच दुकानांत झाली. डिस्कवर मार्करने तारीख टाका. इमेज परत टाकल्यावर मशिन त्या तारखेला गेलेलं असतं, म्हणून आधी विंडोज आणि अँटिव्हायरसचे अपडेट घ्या, मेल आणि बँक नंतर. मग रोजच्या बॅकअपमधल्या फायली त्यावर आणा आणि एक फाइल उघडून मराठी नीट दिसतंय का ते बघा.